मदत हवी आहे: सायकलिंगचा एफटीपी (साधारण तासभर टिकवता येणारी कमाल पॉवर) २१० वॉटवरच अडकलाय

वजन ७० किलो, आठवड्याला ४ राइड, एकूण ७-८ तास. पॉवर मीटर (पेडलिंगचा जोर वॉटमध्ये मोजणारं यंत्र) आणि छातीचा हार्टरेट पट्टा आहे. २० मिनिटांच्या टेस्टमध्ये सरासरी २२१ वॉट, त्याचे ९५ टक्के म्हणजे २१०. सहा महिन्यांत तीन टेस्ट झाल्या, आकडा हलत नाही. बहुतेक राइड १६०-१८० वॉटच्या होतात. लांब चढावर पहिली १० मिनिटं ठीक, मग पॉवर घसरते. तास वाढवता येणार नाहीत. काय बदलू?

प्रतिसाद १
१६०-१८० म्हणजे एफटीपीच्या ७६ ते ८६ टक्के. गडबड इथेच आहे. पाय थकवायला हा वेग पुरेसा, पण वरची क्षमता ताणायला कमी. त्यामुळे कठीण दिवशीही ताजे पाय मिळत नाहीत.

दोन राइड खरोखर निवांत करा: १२५ ते १५० वॉट, सलग वाक्य बोलता येईल इतपत. चढ आला की हलका गिअर टाका, वॉट वाढू देऊ नका. कुणी पुढे गेलं तर जाऊ द्या, मोह तिथेच होतो.

उरलेल्या दोन कठीण, मध्ये किमान ४८ तास. एकीत २० मिनिटं वॉर्मअप, मग ४ मिनिटांचे ४ इंटरव्हल (जोराचे टप्पे) २२५-२३५ वॉटला, मध्ये ४ मिनिटं अगदी हलकं पेडलिंग. पहिला सोपा वाटला तरी वॉट वाढवू नका; चौथा पहिल्याइतकाच निघाला पाहिजे. दुसरीत १८५-१९५ वॉट: आधी १० मिनिटांचे ३ टप्पे, पुढच्या आठवड्यांत १२ चे ३, १५ चे ३, शेवटी २० चे २. आधी मिनिटं वाढवायची, वॉट नंतर.

प्रतिसाद २
टेस्टच्या आधी ५ मिनिटं पूर्ण जोर लावता का? मूळ पद्धतीत तो टप्पा आहेच. तो गाळला तर ताज्या पायांचा जोर २० मिनिटांत मिसळतो आणि ९५ टक्क्यांचा हिशेब फुगतो.

धागाकर्ता
नाही, फक्त वॉर्मअप करून थेट २० मिनिटं.

प्रतिसाद २
मग खरा एफटीपी २०० च्या आसपास असू शकतो. चढावर २१० धरून निघालात तर १० मिनिटांनी घसरण होणारच. पुढच्या वेळी १९५ ने सुरुवात करा, केडन्स (मिनिटाला पेडलचे फेरे) ८० च्या खाली जाऊ देऊ नका. प्रत्येक राइडआधी सायकल १० मिनिटं बाहेर ठेवून मग पॉवर मीटर झिरो करा (पेडलवर भार नसताना रीडिंग शून्यावर आणा). तापमान बदललं की रीडिंग सरकतं.

९० मिनिटांपेक्षा लांब राइडला तासाला ६० ग्रॅम कर्बोदकं घ्या, पहिल्या अर्ध्या तासातच सुरुवात करून.

प्रतिसाद १
बरोबर. वॉट नव्या आकड्यावरून पुन्हा काढा. चौथ्या आठवड्यात तास निम्मे करा, टेस्ट त्याच आठवड्याच्या शेवटी.