कंटेनरमधला फ्लास्क सर्व्हर बाहेरून उघडत नाहीये

रानवारा:
मंडळी, जरा मदत करा. छोटं फ्लास्क (पायथनचं वेब फ्रेमवर्क) अ‍ॅप डॉकरमध्ये (अ‍ॅप वेगळ्या डब्यात, म्हणजे कंटेनरमध्ये चालवणारं टूल) टाकलंय, डॉकरफाईलमध्ये एक्सपोज ५००० पण लिहिलंय, लॉगमध्ये १२७.०.०.१:५००० वर चालू आहे असं दिसतं, कंटेनरमध्ये शिरून कर्ल (कमांडने पान मागवणारं टूल) मारलं तर पान व्यवस्थित येतं. पण ब्राउझरमधून व्हीपीएसचा (भाड्याच्या सर्व्हरचा) आयपी टाकला की कनेक्शन रिफ्यूज्ड. नेमकं अडतंय कुठे?

देवगडकर:
एक्सपोजने पोर्ट उघडत नाही रे, ती नुसती नोंद असते. डॉकर रन करताना -पी ८०८०:५००० द्यावं लागतं, डावीकडे होस्टचा (म्हणजे तुझ्या व्हीपीएसचा) पोर्ट, उजवीकडे कंटेनरचा. चालू कंटेनरला मागाहून जोडता येत नाही, तो काढून नवीन रन कर. मग डॉकर पीएस बघ, नुसतं ५०००/टीसीपी दिसलं तर पब्लिश झालेलं नाही, ८०८०->५००० असा बाण दिसायला हवा.

रानवारा:
बाण आला दादा. पण व्हीपीएसवरूनच लोकलहोस्ट:८०८० ला कर्ल मारलं तर कनेक्शन रिसेट, आणि बाहेरून अजून रिफ्यूज्डच.

घाटमाथा:
तुझ्या लॉगमध्येच आहे बघ कारण. तो १२७.०.०.१ कंटेनरचा स्वतःचा लूपबॅक (स्वतःशीच बोलायचा पत्ता) आहे, होस्टचा नाही, प्रत्येक कंटेनरचं नेटवर्क वेगळं असतं ना, म्हणून आतून कर्ल चालतं आणि बाहेरून आलेलं पॅकेट कंटेनरच्या दुसऱ्या इंटरफेसवर येतं जिथे कोणी ऐकतच नसतं. फ्लास्कला --होस्ट=०.०.०.० दे, म्हणजे सगळ्या इंटरफेसवर ऐकेल. खरं तर फ्लास्कचा स्वतःचा सर्व्हर डेव्हलपमेंटपुरताच, लाइव्हला गनिकॉर्न (पायथन अ‍ॅप चालवणारा सर्व्हर) लाव, पण तोही काही न सांगता १२७.०.०.१ वरच बसतो, त्यामुळे -बी ०.०.०.०:५००० लिहायचंच.

आणि हे मात्र नक्की वाच, यूएफडब्ल्यूच्या (लिनक्सवरच्या फायरवॉलच्या) भरवशावर राहू नकोस. डॉकर आयपीटेबल्समध्ये (लिनक्सच्या मूळ फायरवॉल नियमांमध्ये) स्वतःचे नियम घालतो, यूएफडब्ल्यूमध्ये ८०८० डिनाय केला तरी पब्लिश केलेला पोर्ट जगाला उघडा राहू शकतो. डेटाबेसचे पोर्ट असे उघडे पडतात, फार वाईट वाटतं बघून. होस्टवर एनजिनएक्स (बाहेरची विनंती घेऊन अ‍ॅपकडे पाठवणारा वेब सर्व्हर) असेल तर -पी १२७.०.०.१:८०८०:५००० दे, म्हणजे ८०८० मशीनच्या आतच राहील आणि बाहेर फक्त ८० आणि ४४३, म्हणजे वेबचे नेहमीचे पोर्ट.

रानवारा:
चालू झालं! पण एनजिनएक्स पण कंटेनरमध्येच ठेवायचा असेल तर?

देवगडकर:
मग अ‍ॅपला -पी नकोच. डॉकर नेटवर्क क्रिएट करून दोन्ही कंटेनर त्यात टाक, एनजिनएक्समध्ये अ‍ॅपच्या कंटेनरचं नाव आणि ५००० लिही, आपोआप सापडतं. पब्लिश फक्त एनजिनएक्सचे ८० आणि ४४३ कर. डेटाबेस पण त्याच नेटवर्कमध्ये, पोर्ट न देता.