पत्ता टेक्सासचा, तरी कर न्यूयॉर्कचा

नोकरी तीच ठेवून टेक्सासला राहायला गेलं आणि घरून काम केलं, तर राज्याचा आयकर लागेल का, या तुमच्या प्रश्नावर 'टेक्सासला गेलात म्हणजे राज्याचा आयकर संपला' असं वर दोघांनी सांगितलंय. पण तुमची कंपनी न्यूयॉर्कची आहे, तेव्हा कृपया एवढ्यावर विसंबू नका. तिथे 'कन्व्हीनियन्स ऑफ द एम्प्लॉयर' नावाचा नियम आहे. मूळ ऑफिस न्यूयॉर्कचं आणि तुम्ही स्वतःच्या सोयीने डॅलसच्या घरून काम करत असाल, तर ते दिवसही न्यूयॉर्कमध्येच काम केल्यासारखे धरतात. न्यू जर्सीत राहणाऱ्याला निदान तिथल्या रिटर्नमध्ये या कराचं क्रेडिट, म्हणजे तिथल्या करातून सूट, मिळतं. टेक्सासात आयकरच नाही, मग क्रेडिट कशातून मिळणार? सगळा भुर्दंड तुमच्याच खिशाला. मला हे सरळसरळ अन्यायाचं वाटतं, पण कनेक्टिकटमधल्या घरून काम करणारे कायद्याचे प्राध्यापक एडवर्ड झेलिन्स्की याविरुद्ध कोर्टात गेले आणि 2003 मध्ये न्यूयॉर्क राज्याच्या सगळ्यात वरच्या कोर्टात (कोर्ट ऑफ अपील्स) हरले.

कंपनीचं टेक्सासात ऑफिस असेल, तर नेमणूक रीतसर तिकडे बदलून एचआरकडून लेखी घ्या. डब्ल्यू-2 (कंपनी देते तो पगार-कराचा वार्षिक फॉर्म) आला की 15 नंबरच्या रकान्यात कुठलं राज्य आहे तेही बघा.

कॅलिफोर्निया सोडणाऱ्यांसाठी: तिथे हा नियम नाही, पण तिथे असताना मिळालेले आरएसयू (कंपनीने पुढे देण्याचं कबूल केलेले शेअर) नंतर व्हेस्ट झाले, म्हणजे प्रत्यक्ष तुमच्या नावावर आले, तरी तिथल्या कामाच्या दिवसांच्या प्रमाणात कर लागतो.