काळ्या मातीचा प्लॉट, माती तपासायला एकच खड्डा पुरेल का? मदत हवी आहे

मंडळी नमस्कार, सोलापुरात विजापूर रोडला सोरेगावच्या पुढं आमचा ३० बाय ५० चा प्लॉट आहे, तिथं जी प्लस वन बांधायचंय आणि कॉन्ट्रॅक्टर पावसाच्या आत पाया भरायचा म्हणून घाई करतोय. त्यानं जेसीबी आणून पुढच्या कोपऱ्यात एकच खड्डा घेतला, साडेपाच फुटाला मुरूम लागला, "लागला की साहेब, आता अजून काय बघायचं" म्हणाला आणि बुजवायला निघाला. मी थांबवलं. कारण मागच्या बाजूला ओढा आहे आणि तिकडं शेजाऱ्यांनी शोषखड्डा घेतला तेव्हा दहा फुटाला पण काळीच निघत होती, मी स्वतः काठावर उभा होतो.

आमचं जुनं घर काळ्या मातीतच आहे. पाया चार फूट, माती तपासायचं नाव कुणी काढलं नाही. तिसऱ्या वर्षी खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी चीर गेली. मे महिन्यात तिच्यात रुपयाचं नाणं उभं राहायचं आणि पावसाळ्यात मिटायची, वडील दरवर्षी भरायचे आणि पुढच्या उन्हाळ्यात परत तेच. माती पाणी पिऊन फुगते, वाळली की आकसते, ते चार फुटाच्या पायाला झेपलं नाही. हे परत नकोय मला.

खड्ड्यात शिडी लावून उतरलो. वर तीन फूट काळी, भेगा इतक्या की हात कोपरापर्यंत जातो, त्याखाली चुनखडीचे पांढरे खडे मिसळलेली पिवळट माती, मग मुरूम, पहार मारली की उडते. तीन फुटाखालची माती पिशवीत भरून भाच्याच्या पॉलिटेक्निकला दिली. त्यानं वाळवून ४२५ मायक्रॉनच्या चाळणीनं चाळून दहा-दहा ग्रॅम दोन मापाच्या नळ्यांत टाकली, एकीत रॉकेल, एकीत पाणी, २४ तास ठेवली. रॉकेलमध्ये माती फुगत नाही, तिथं १० मिलिलिटरवर बसली, पाण्यात १८ वर गेली. म्हणजे ८० टक्के फुगवटा, आणि ५० च्या वर गेलं की जपूनच राहायचं असं त्याचे सर म्हणाले.

आता खरी अडचण. एक ओळखीचे इंजिनियर म्हणतात बोअर घेऊन एसपीटी (माती किती घट्ट आहे ते बघायची चाचणी) करा, म्हणजे बोअरमध्ये नळी ठोकायला ६३.५ किलोचा हातोडा ७५ सेंटीमीटरवरून पाडायचा, पहिले १५ सेंटीमीटर सोडून पुढच्या ३० ला किती ठोके लागतात ते मोजायचं. पण तेच म्हणाले की उन्हाळ्यात वाळलेल्या काळीत ठोके जास्त येतात, पावसानंतर तीच माती लोण्यासारखी होते. मग मे महिन्यातल्या आकड्यावर पाया ठरवायचा कसा? की मुरूम किती खोल आहे एवढंच बोअरमधून काढायचं आणि काळीतला आकडा धरायचाच नाही?

दुसरं, ओढ्याच्या बाजूला एक आणि मधोमध एक असे अजून दोन खड्डे घ्यावे म्हणतोय. पण कॉलमच्या जागीच खड्डा घेतला तर ती जागा भुसभुशीत होणार, कितीही दाबून भरली तरी. तर कॉलमपासून किती लांब घ्यायचा? आणि मागं मुरूम दहा-बारा फुटाखाली निघाला आणि पुढं साडेपाचला, तर पुढं साधं फूटिंग आणि मागं अंडररीम पाइल (बुडाशी फुगवटा असलेला, जमिनीत खोल भरलेला काँक्रीटचा खांब) असं अर्धं-अर्धं चालतं का? माझं मन म्हणतं सगळ्याच कॉलमना पाइल घ्यावी, कॉन्ट्रॅक्टर म्हणतो उगाच खर्च. सोलापुरात कुणी अशी पाइल केली असेल तर घर आता कसं आहे तेवढं तरी सांगा.

सोमवारी जेसीबी परत येतोय, त्याच्या आत उत्तर मिळालं तर फार बरं होईल. तोवर खड्डा उघडाच आहे, भोवती बाभळीच्या काट्या टाकल्यात, संध्याकाळी पोरं खेळायला येतात तिथं.