मदत हवी आहे : क्लॉडियस रिचची मुंबईतली कागदपत्रं कुठे मिळतील?

नमस्कार मंडळी,

क्लॉडियस जेम्स रिच या माणसाने मला झपाटलंय. ईस्ट इंडिया कंपनीचा बगदादमधला रेसिडेंट, म्हणजे तिथला राजकीय प्रतिनिधी. 1811 साली हिल्लाजवळच्या बाबिलोनच्या अवशेषांवर गेला, टेकाडं मोजली, मजूर लावून खणलं, कीलाक्षरांच्या (पाचरीसारख्या खुणांच्या प्राचीन लिपीतल्या) विटा गोळा केल्या. त्या विटांवरचा मजकूर तेव्हा कुणालाच वाचता येत नव्हता, तरी त्याने त्या जपल्या, हे मला फार मोठं वाटतं. 1821 मध्ये शिराझला कॉलऱ्याने गेला. पस्तिशीही गाठली नव्हती. संग्रह पुढे ब्रिटिश म्युझियमने विकत घेतला.

आता मुंबईचा धागा. 1808 मध्ये इथेच त्याचं लग्न झालं, मेरी मॅकिंटॉशशी. तिचे वडील सर जेम्स मॅकिंटॉश मुंबईचे रेकॉर्डर, म्हणजे न्यायाधीश. आजच्या एशियाटिक सोसायटीची मूळ संस्था त्यांनीच 1804 मध्ये काढली.

बगदादची रेसिडेन्सी मुंबई सरकारच्या हाताखाली होती. त्यामुळे रिचचा पत्रव्यवहार एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या पुराभिलेखागारात शोधावा म्हणते. कुणी तिथे त्या काळाची दफ्तरं पाहिली आहेत का? कोणत्या खात्याची सूची मागायची? परवानगीसाठी काय लागतं? मराठीत त्याच्यावर काही लिहिलेलं आढळलं असेल तर तेही कृपया कळवा.