पायथन: क्लासच्या नोट्स आणि घरचा कॉम्प्युटर जुळेनात, कुठून शिकू?

येळ्ळूरचा सीएनसीवाला

नमस्कार. मी बेळगावात उद्यमबागेत एका मशीन शॉपमध्ये सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारं धातू कापायचं मशीन, चालवतो. दहावीपर्यंत मराठी माध्यम, मग आयटीआय. आमच्याकडे दोन्ही शिफ्टचं प्रोडक्शन वहीत लिहितात आणि महिनाअखेरीला सुपरवायझर काका कॅल्क्युलेटर घेऊन रात्रीपर्यंत बेरजा मारत बसतात. त्यांचं हे काम हलकं करावं म्हणून पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा शिकायला घेतली.

शहरात एका क्लासला तीन महिन्यांची फी भरली. तिथे झेरॉक्स नोट्स मिळाल्या. त्यात प्रिंटपुढे (स्क्रीनवर दाखवायची आज्ञा) कंसच नाहीत. मी तसं लिहिलं की लाल अक्षरात एरर येते. नोट्समध्ये ७ भागिले २ चं उत्तर ३ छापलंय, माझ्याकडे ३.५ येतं. पहिल्या शिफ्टचे १४० नग आणि दुसऱ्या शिफ्टचे १५५ घातले, तर बेरीज आली १४०१५५! सरांना दाखवलं, तर म्हणाले, "इन्स्टॉलेशन चुकलंय, काढून परत टाक." मित्राने पेनड्राइव्हवरून टाकून दिलेलं होतं ते काढलं, आणि आता नवीन बसेचना. कॉम्प्युटर भावाचा जुना, विंडोज ७ चा.

नोट्स चुकल्यात की मी? मराठीतून शिकायला काही आहे का? आणि ही भाषा दरवर्षी बदलते म्हणतात, ते आपल्याला कळायचं कसं?

निपाणीची बीसीएवाली

दादा, विंडोज ७ वर पायथन ३.८ पर्यंतच चालतं. ३.९ पासून पुढचं बसत नाही. पायथनच्या मूळ साइटवर जुन्या आवृत्त्या ठेवलेल्या असतात, तिथून ३.८ घे. टाकताना पहिल्याच खिडकीत खाली 'पाथ'ची चौकट असते, तिथे टिक कर. माझी ती राहिली होती आणि दोन दिवस वाया गेले.

खानापूर तालुक्यातली कॉम्प्युटर टीचर

तुमचं काहीही चुकलेलं नाही, हे आधी मनात पक्कं करा. त्या नोट्स पायथन २ च्या आहेत. ती आवृत्ती १ जानेवारी २०२० ला अधिकृतपणे बंद झाली. तिच्यात प्रिंटला कंस लागत नव्हते आणि दोन पूर्णांक भागले की अपूर्णांक गळून पडायचा. पायथन ३ मध्ये दोन्ही बदललं.

१४०१५५ चंही तेच. इनपुट म्हणजे आपण टाईप केलेलं आत घेणारी आज्ञा. पायथन २ मध्ये तिला १४० दिलं की तो आकडा धरला जायचा. पायथन ३ मध्ये इनपुट जे घेतं ते सगळं अक्षरं म्हणून घेतं, आणि अक्षरांची बेरीज म्हणजे एकापुढे एक चिकटवणं. 'इंट' ही आज्ञा अक्षरांचा पूर्णांक करते. इनपुटला तिच्या कंसात घाला, २९५ येतील. आणखी एक करून बघा: आकडे मराठीत टाईप करा, १४०, १५५ असेच. इंट ते ओळखतं! आमच्या आठवीच्या पोरांनी हे पहिल्यांदा बघितलं तेव्हा सगळा वर्ग एकाच मशीनभोवती गोळा झाला होता. व्हेरिएबलचं, म्हणजे किंमत साठवायच्या जागेचं, नावही मराठीत चालतं, 'बेरीज' म्हणा की. फक्त प्रोग्रामच्या ओळीत नुसता आकडा लिहायचा असेल तर तो इंग्रजीतलाच लागतो.

शिकण्यासाठी आयआयटी मुंबईचं स्पोकन ट्युटोरियल बघा. छोटे छोटे धडे आहेत, भारतीय भाषांत, मराठीतही बरेच. पायथनचे तिथे दोन संच दिसतील, ३.४.३ लिहिलेला घ्या, जुना नको, नाहीतर परत तोच घोळ. त्याला हात बसला की एनपीटीईएल या ऑनलाइन कोर्सच्या साइटवर आयआयटी रोपडचा 'जॉय ऑफ कम्प्युटिंग युजिंग पायथन' आहे. इंग्रजीत आहे, पण शिकणं फुकट, पैसे फक्त परीक्षेला लागतात.

बातम्यांचं म्हणाल तर फार धावू नका. दरवर्षी ऑक्टोबरात नवी आवृत्ती येते, ३.१४ आली ७ ऑक्टोबर २०२५ ला. प्रत्येकीला साधारण पाच वर्षं दुरुस्त्या मिळतात, मग बंद. ३.८ च्या दुरुस्त्या ऑक्टोबर २०२४ मध्ये संपल्या. शिकायला ती चालेल, पण जमेल तेव्हा त्या कॉम्प्युटरवर विंडोजऐवजी लिनक्स ही फुकटातली सिस्टीम टाकून घ्या, म्हणजे नवी आवृत्ती बसेल. मूळ साइटवर प्रत्येक आवृत्तीसोबत 'काय नवीन' असं एक पान असतं, वर्षातून एकदा तेवढं वाचलं तरी पुरे. पायकॉन इंडिया हे पायथनवाल्यांचं संमेलन २००९ मध्ये आपल्याच बेंगळुरूत सुरू झालं, त्यातली भाषणं यूट्यूबवर आहेत.

शहापूरकर

ताई, राग मानू नका, पण या दादाला मी आधी इंग्रजी सुधार असं सांगेन. एरर सगळ्या इंग्रजीत येतात. मराठीच्या आधाराने किती दिवस निभणार?

खानापूर तालुक्यातली कॉम्प्युटर टीचर

राग नाही, पण पटत नाही. इंग्रजी येईपर्यंत थांबलेली मुलं मी बघितली आहेत, ती थांबूनच राहिली. एरर आली की सगळ्यात खालची ओळ आधी वाचायची. सुरुवातीला तेच दहा-बारा शब्द फिरून फिरून येतात. ते एका कागदावर मराठी अर्थासकट लिहून स्क्रीनशेजारी चिकटवायचे. इंग्रजी त्यातूनच सुरू होतं.

येळ्ळूरचा सीएनसीवाला

ताई, ३.८ बसलं. २९५ आले! मराठी आकडेही घेतले. काका वहीत मराठीच आकडे लिहितात, त्यांना शेजारी बसवून दाखवलं, तर स्वतःच एका बोटाने एकेक दाबत आठवडाभराचे आकडे भरायला लागले.

रविवारी सुट्टी, म्हणून त्यांनी काही न लिहिता नुसतं एंटर मारलं आणि प्रोग्राम बंद पडला. तुम्ही सांगितलं तशी खालची ओळ वाचली. 'व्हॅल्यू एरर', आणि शेवटी दोन अवतरणचिन्हं, मध्ये काहीच नाही. म्हणजे इंटला रिकामी जागा मिळाली, असंच ना? कागदावर पहिला शब्द हाच लिहिलाय. आता रिकामं सोडलं तर ते शून्य धरायला कसं सांगू?