‘जनुकीय समतोल’ म्हणजे नेमका कशाचा समतोल?

प्रश्न : उत्क्रांतीवरील लेखनात ‘जनुकीय समतोल’ आणि ‘ॲलील-वारंवारता’ हे शब्द सतत भेटतात. एका जनुकाच्या दोन पर्यायी रूपांचे, म्हणजे ॲलीलांचे, प्रमाण निम्मे-निम्मे झाले की समतोल आला, असे समजावे का? आणि ‘प्रभावी’ ॲलील पिढ्यान्‌पिढ्या पसरत जाऊन ‘अप्रभावी’ ॲलील अखेर नामशेष होते का?

उत्तर : दोन्ही समजुती शब्दांच्या रोजच्या अर्थामुळे होतात. ‘प्रभावी’ हे विशेषण एका व्यक्तीच्या शरीरात कोणते रूप प्रकट होते एवढेच सांगते. समूहात ते किती पसरले आहे, याच्याशी त्याचा संबंध नाही. आखूड बोटांचे लक्षण प्रभावी असेल तर मेंडेल यांच्या वाटाण्याच्या संकरांतल्याप्रमाणे ते लोकसंख्येत तीनास एक या प्रमाणात का दिसत नाही, हा संख्याशास्त्रज्ञ यूल यांच्या नावावर सांगितला जाणारा आक्षेप जनुकशास्त्रज्ञ पनेट यांनी केंब्रिजमधील गणितज्ञ हार्डी यांच्यापुढे ठेवला, आणि १९०८ मध्ये हार्डी यांनी तो जेमतेम शाळकरी बीजगणिताने निकालात काढला. त्याच वर्षी स्टुटगार्टचे डॉक्टर वाइनबर्ग स्वतंत्रपणे त्याच निष्कर्षाला पोहोचले होते.

‘वारंवारता’ हा शब्दही ध्वनी आणि विजेच्या संदर्भातून ओळखीचा असल्याने फसवतो. इथे काळाचा संबंध नाही; हा निव्वळ हिस्सा आहे, आणि तो माणसांचा नव्हे तर जनुकाच्या प्रतींचा. समजा, १००० वस्तीच्या गावात सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचे १० रुग्ण (सिकल ॲलीलच्या दोन प्रती असलेले) आणि १८० वाहक (एकच प्रत असलेले, स्वतः निरोगी) आहेत. प्रत्येकाकडे या जनुकाच्या दोन प्रती, म्हणून एकूण प्रती २०००. त्यांपैकी सिकल प्रती रुग्णांच्या २० आणि वाहकांच्या १८०, मिळून २००. म्हणजे वारंवारता ०.१. विवाह या जनुकाचा विचार न करता होत असतील, समूह मोठा असेल, आणि नैसर्गिक निवड, उत्परिवर्तन (जनुकात होणारा बदल) व स्थलांतर यांपैकी काहीच घडत नसेल, तर पुढच्या पिढीतही हा आकडा ०.१ च राहतो. ०.१ असो वा ०.५, समतोल तो हाच.

पुरवणी प्रश्न : मग वारंवारता ढळल्यास समूह पुन्हा मूळ आकड्यावर येतो का? ‘समतोल’ म्हटल्यावर तशी अपेक्षा होते.

उत्तर : येत नाही, आणि माझ्या मते या संज्ञेचा खरा अडसर इथेच आहे. भौतिकशास्त्राच्या भाषेत हा ‘उदासीन समतोल’ आहे : सपाट फरशीवरची गोटी जिथे ढकलाल तिथे थांबते, कढईतल्या गोटीसारखी तळाशी परतत नाही. लहान समूहात केवळ योगायोगाने वारंवारता सरकते, आणि सरकलेला आकडाच पुढच्या पिढीचा आरंभबिंदू होतो.

कढईतल्या गोटीसारखा समतोलही असतो, पण तो निवडीतून येतो. मलेरियाच्या प्रदेशात सिकलसेलच्या वाहकाला घातक मलेरियापासून बरेच संरक्षण मिळते, हे ॲलिसन यांनी १९५४ मध्ये पूर्व आफ्रिकेतील निरीक्षणांवरून दाखवले. रुग्णांच्या मृत्यूने ॲलील घटते, वाहकांच्या बचावाने ते टिकते, आणि या ओढाताणीत वारंवारता एका मूल्याभोवती राहते. विदर्भातील आणि नंदुरबारमधील आदिवासी समूहांत हे ॲलील आजही लक्षणीय प्रमाणात आढळते, त्यामागेही मलेरियाचा इतिहास असल्याचे मानले जाते. मलेरिया हटला की वाहकांचा लाभ संपतो. तरी ॲलील झटपट जात नाही. वरच्या गावात एकाही रुग्णाला मूल झाले नाही असे धरले, तरी पुढच्या पिढीत वारंवारता ०.१ वरून सुमारे ०.०९१ वरच येते, कारण २०० पैकी १८० प्रती निरोगी वाहकांमध्ये असतात.

म्हणून लिहिताना पहिल्या अर्थासाठी ‘हार्डी-वाइनबर्ग समतोल’ असे पूर्ण नाव द्यावे आणि दुसऱ्यासाठी ‘संतुलित बहुरूपता’ म्हणावे. नुसते ‘जनुकीय समतोल’ लिहिल्यास कोणता अर्थ अभिप्रेत आहे, हे त्याच वाक्यात सांगावे लागते.