पट्ट्यावर 'पिटा'चं भरतकाम?? मराठीत काय लिहू

गंगापूररोडकर:
मंडळी मदत हवीये. घरून भाषांतराची कामं करते मी, सध्या मेक्सिकोतल्या चामड्याच्या वस्तूंचा एक इंग्रजी कॅटलॉग आलाय, पट्टे, खोगीर, पाकिटं असलं सगळं, आणि पानोपानी लिहिलंय की यावर 'पिटा'ने भरतकाम केलंय. स्पेलिंग पी आय टी ए. म्हणजे फलाफलबरोबर मिळते ती रोटी?? मशीनला विचारलं तर त्याने बिनधास्त 'रोटीने भरतकाम केलेला पट्टा' असं काढून दिलं 😂 शब्द स्पॅनिश आहे एवढं कळलं, उच्चार पीता, म्हणून तसं लिहून ठेवलं तर सासरे वाचून म्हणे कोणाच्या वडिलांनी भरलाय हा पट्टा. उद्या संध्याकाळी द्यायचंय काम.

नाशिकरोडचा_स्पॅनिशवाला:
ताई रोटीचा काही संबंध नाही, ती पिटा ग्रीकमधली, योगायोगाने स्पेलिंग एक झालंय. तुमचा शब्द इंग्रजीने स्पॅनिशकडून उचललेला, अर्थ पानातून काढलेला चिवट धागा, पण जाडजूड डिक्शनरी उघडल्याशिवाय सापडत नाही. साध्या दोऱ्याला स्पॅनिशमध्ये 'इलो' म्हणतात, लिहिताना पुढे एच असतो पण तो गिळायचा. लॅटिन 'फिलुम'मधला फ त्यांनी घालवला, पोर्तुगीजांनी ठेवला, त्यांचा दोरा 'फिओ'. आणि आपली फीत पण पोर्तुगीजच बरं का, 'फिता'वरून आलेली. हां आणि पेरू-बोलिव्हियात पिटा म्हणजे सरळ सुतळी, दोरी, काहीही बांधायचं असलं की पिटा आण.

सिन्नरकर:
अहो एवढं लांब कशाला जाता, हे घायपात दिसतंय. आमच्या बांधाला लावलेलं असायचं, काटेरी जाड पानं, आजोबा पानं कुजवायचे, मग ठेचून धुवून वाख काढायचे आणि त्याचे दोर वळायचे, हाताला अशी खाज सुटायची की विचारू नका. घायपात मूळचं तिकडचंच, मेक्सिकोचं. सरळ 'वाख' लिहा, विषय संपला.

नाशिकरोडचा_स्पॅनिशवाला:
दादा निम्मं बरोबर. स्पॅनिशमध्ये घायपातालाही पिटाच म्हणतात, त्यामुळेच घोळ होतो. पण चामड्यावरच्या कामाचा पिटा वेगळ्या झाडाचा, ते अननसाच्या कुळातलं, वेराक्रुझ, वाहाका, चियापासच्या दमट जंगलात वाढतं. पानं खरवडून तंतू काढायचे, धुवून पांढरे करायचे, विंचरायचे आणि मग हाताने पीळ देऊन दोरा करायचा. भरणारे मात्र दुसरीकडचे, हालिस्को राज्यातलं कोलोत्लान गाव त्यासाठीच प्रसिद्ध आहे. आरीने चामड्याला भोक पाडत एकेक टाका घालतात, त्या कामाला पितेआदो म्हणतात. कॅटलॉगमध्ये हा शब्द आहे का बघा.

येवलेकर:
वाख लिहू नका हो! वाख म्हटलं की माणसाला बैलाचं दावं आठवतं, आणि इथे बारीक नक्षी चाललीये. आमच्याकडे पैठणीवाल्याला विचारा, रेशीम, जर, तार, सूत, प्रत्येकाचं नाव वेगळं, नुसतं 'धागा' म्हणालात तर तो विचारणार, कुठला? बाकी ते बोलिव्हियाचं आवडलं राव, म्हणजे तिकडे आसारीवर, पतंगाच्या फिरकीवर हो, पिटा गुंडाळत असतील 😄 आमच्या संक्रांतीला बोलवा त्यांना, फक्त नायलॉन आणू नका म्हणावं.

सिन्नरकर:
दावं तर दावं, पण वाख आपला शब्द आहे ना भो. पीता लिहून कोणाला काय कळणार?

येवलेकर:
आणि वाख लिहून चुकीचं कळलं तर? जर पण बाहेरूनच आलेली, फारसीतून, आता कोणी विचारतं का.

गंगापूररोडकर:
पितेआदो शब्द आहे हो कॅटलॉगमध्ये, शेवटच्या पानावर, मी माणसाचं नाव समजून सोडून दिला होता 🙈 मग असं करते, पहिल्यांदा येईल तिथे 'पीता, म्हणजे अननसाच्या कुळातल्या एका झाडाच्या पानाचा दोरा' आणि पुढे सगळीकडे 'पीता दोरा'. नुसतं पीता कुठेच नाही, सासरे परत वाचणारेत. सिन्नरकर दादा, वाख तंतूंसाठी वापरते, 'पानाचा वाख खरवडून काढतात' असं, चालेल ना?

सिन्नरकर:
चालेल की. खाजेचं पण लिहा.